सात अक्षरं

बारा वर्षांचा होतो. डोक्यावरून पांढरी चादर,
आत आम्ही दोघंच, मी आणि पंडित दुखहरण.
बाहेर आई, शेजारचा मुसलमान शिंपी,
बांबूवर फडफडणारी लाल झेंडी,
तिच्यामागे कॉरेंटाइनचा मातकट समुद्र.
त्यांनी उजव्या कानात फुंकर घातली.
मंत्राआधी वास आला. पेट्रोलचा.
सकाळीच कुणा कोळ्याचं इंजिन खोललं होतं त्यांनी,
चंदन लावूनही नखांतलं ग्रीस गेलं नव्हतं.
सात अक्षरं. कुणाला सांगायची नाहीत म्हणाले,
पुढे बायको येईल, तिलासुद्धा नाही.
मी हसलो. ते नाही हसले.

अजूनही पंपावर मिनीबस लावली की
ओठ आपोआप हलतात.
पोरं म्हणतात, बाप लिटर मोजतोय.

अर्थ विचारला होता एकदा.
प्लग घासता घासता म्हणाले,
'मला तरी कुठे ठाऊक?
आजानं जहाजात घेतला, एका म्हाताऱ्याकडून.
म्हाताऱ्याला ताप, तोंडात दात नाहीत,
वर तीन महिने खारा वारा.
झिजलं असेल एखादं अक्षर.
चालतंय ना, खेमराज? मग खोलायचं कशाला?'

पायांवर डोकं ठेवायला वाकलो
की पाय मागे. 'आधी तो पाना दे.'

साखर कारखाना बंद झाला त्या साली
रम पिऊन रात्री दोनला त्यांच्या दारात ओरडलो :
परत घ्या तुमचा मंत्र, कवडीच्या कामाचा नाही.
सगळी गल्ली जागी झाली.
ते धोतर सावरत जिना उतरले,
खांबांवरच्या त्या घराखाली, जिथे इंजिनं टांगलेली असत,
आणि माझ्या हातात टॉर्च दिला.
'धर. हलू देऊ नकोस.'
पहाटेपर्यंत मी उजेड धरून उभा,
ते कार्ब्युरेटर साफ करत बसलेले.
देवाचं नाव निघालं नाही त्या रात्री. माझंही नाही.
एकदाचं ते धूड खोकलं, सुरू झालं,
तोवर माझी पार उतरली होती.

आता न्यू ॲमस्टरडॅमच्या इस्पितळात खिडकीपाशी खाट.
सून सांगते, सगळं पुसलं गेलंय.
पोटच्या पोराला साहेब म्हणतात.
गायत्री आठवत नाही. चमचा कशाला असतो, आठवत नाही.
मला म्हणाले, 'बोट आणलीस?'
आणली, म्हटलं.

नर्स वळली तशी मी चादर वर ओढली,
दोघांच्याही डोक्यावरून.
आत तोच पांढरा उजेड.
वास तेवढा डेटॉलचा.
कुणाला सांगायची नाहीत, पण ज्याची त्यालाच
परत दिली, तर ते सांगणं होतं का?
विचार करत बसलो नाही. उजव्या कानाशी तोंड नेलं.
सात अक्षरं. त्यातलं एक, कोण जाणे कधी,
माझ्याही जिभेनं झिजवलेलं.

मान तिरकी करून ऐकत राहिले,
इंजिन ऐकायचे तसे, कुठे ठोका चुकतोय ते बघत.
पाचव्यावर बोट उचललं. 'इथे. परत.'
परत म्हटलं.
'हं. ठीक. कुणी दिलं तुला हे?'

नाव घशापर्यंत आलं होतं.
'होता एक मेकॅनिक,' मी म्हणालो, 'आमच्याच बाजूचा.'
'पैसे घेतले त्यानं?'
'नाही.'
'मग देणं राहिलंय तुझं,'
आणि तळवा पुढे केला,
पाना मागताना करायचे तस्साच.

खिसे चाचपले. गाडीची किल्ली होती, ती ठेवली.
त्यांनी मूठ मिटली, डोळे मिटले.

फाटकाबाहेर रोझहॉलचे प्रवासी कधीचे खोळंबलेत,
कुणीतरी माझाच हॉर्न बडवतंय.
मूठ काही सुटत नाही.
मीही सोडवत नाही.